उतारवयातील एक अबोल व्याधी

रात्रीचे दोन वाजलेले असतात. घरातील वडीलधारा माणूस अंथरुणावरून हळूच उठतो, कोणाची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावताच भिंतीच्या आधाराने न्हाणीघराकडे जातो आणि बराच वेळ तेथे उभा राहतो. परत येऊन पडतो न पडतो तोच त्याला पुन्हा उठावे लागते. सकाळी मुलाने विचारले तर ‘वय झाले, चालायचेच’ एवढेच उत्तर मिळते. बेंगळुरूच्या जयनगरातील एखाद्या सदनिकेत आणि बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातील एखाद्या वाडीत हे दृश्य सारखेच असते. फरक पडतो तो पुढे. जयनगरातील गृहस्थाला तपासणी, औषध आणि लागलीच तर लेसरची शस्त्रक्रिया, हे सर्व घरापासून तासाभराच्या वाटेवर मिळू शकते. औरादच्या शेतकऱ्याचे दुखणे बहुधा लघवी पूर्ण तुंबते त्या रात्रीच प्रथम उघडकीस येते, आणि मग जीप कोठे मिळेल येथून विचार सुरू होतो.

या दोन घरांमधील अंतर नेमके कशाचे आहे, आणि ज्या लेसर शस्त्रक्रियेचा आज एवढा बोलबाला आहे तिने ते कितपत भरून निघेल, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. तो समाजाच्या व्यवस्थेचाही आहे.

प्रथम व्याधीचे स्वरूप पाहू. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली एक लहान ग्रंथी असते. शरीरशास्त्राच्या मराठी पुस्तकांतून तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात मात्र सर्वजण तिला प्रॉस्टेट याच नावाने ओळखतात. वीर्यातील द्रवाचा काही भाग तयार करणे हे तिचे काम. तरुणपणी ती आक्रोडाएवढी, सुमारे २० ग्रॅम वजनाची असते. चाळिशीनंतर ती हळूहळू आतून वाढू लागते. शवविच्छेदनांच्या अभ्यासावरून असे दिसून आले आहे की साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत आणि पंच्याऐंशीच्या पुढे दहांपैकी नऊ पुरुषांत ही वाढ आढळते. २०११ च्या जनगणनेत भारतातील साठ वर्षांवरील पुरुषांची संख्या सुमारे ५ कोटी होती, आणि तेव्हापासून ती वाढतच आहे. यावरून या प्रश्नाच्या व्याप्तीची कल्पना यावी.

पाटाच्या तोंडाशी गाळ साचला की पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. तसेच येथे घडते. वाट अरुंद झाल्यामुळे मूत्राशयाच्या स्नायूला अधिक जोर लावावा लागतो. आरंभी तो जाड होतो, चिडखोर होतो, आणि मग वारंवार जावेसे वाटते, घाई होते, रात्री उठावे लागते. धार बारीक होते, मध्येच थांबते, शेवटी थेंब थेंब गळत राहते. काही वर्षांनी तोच स्नायू थकतो. मूत्राशयात लघवी साठून राहते, तेथे खडे होतात, जंतूंचा संसर्ग होतो, आणि दाब मागे चढत गेला तर मूत्रपिंडांना इजा पोचते. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिचा पुढे कर्करोग होतो असेही नाही. मात्र त्याच ग्रंथीत कर्करोग स्वतंत्रपणे उद्भवू शकतो. म्हणून डॉक्टर बोटाने तपासणी करतात आणि गरज वाटल्यास पीएसए नावाची रक्ततपासणी करवितात.

आपल्या देशातील जुन्या वैद्यांना या व्याधीच्या लक्षणांची ओळख होती. सुश्रुताने मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी ‘वाताष्ठीला’ या प्रकारात मूत्राशय आणि मलमार्ग यांच्यामध्ये दगडासारखी घट्ट गाठ होऊन मार्ग रोधला जातो असे वर्णन आहे. आजच्या निदानाशी त्याची तंतोतंत सांगड घालणे योग्य होणार नाही. परंतु वृद्ध पुरुषाचे हे दुखणे आधुनिक जीवनाने निर्माण केलेले नाही, एवढे त्यावरून ध्यानात येते.

ग्रंथी वाढली की शस्त्रक्रिया करावीच लागते असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. ग्रंथी किती मोठी आहे यापेक्षा ती वाट किती अडविते याला महत्त्व असते. त्रासाची मोजदाद करण्यासाठी सात प्रश्नांची एक आंतरराष्ट्रीय प्रश्नावली आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच असे गुण दिले जातात. एकूण बेरीज सातपर्यंत असेल तर त्रास सौम्य, आठ ते एकोणीस असेल तर मध्यम, आणि वीसपासून पस्तीसपर्यंत असेल तर तीव्र समजतात. सौम्य त्रासात संध्याकाळनंतर पाणी आणि चहा कमी घेणे, झोपण्यापूर्वी लघवीला जाऊन येणे एवढ्याने पुष्कळांचे भागते. रात्रीचे उठणे कधी मधुमेहामुळेही असते. ते तपासल्यावाचून सगळे खापर प्रॉस्टेटवर फोडू नये. सर्दीच्या काही गोळ्यांनी अशा माणसाची लघवी एकाएकी अडू शकते, हेही घरच्यांनी लक्षात ठेवावे.

मध्यम त्रासासाठी दोन प्रकारची औषधे आहेत. टॅम्सुलोसिनसारखी औषधे मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात. त्यांचा गुण काही दिवसांत दिसतो. फिनास्टेराइडसारखी औषधे ग्रंथीचा आकारच कमी करतात, पण त्यांना काही महिने लागतात. या दुसऱ्या औषधाचा उगम मोठा उद्बोधक आहे. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या काही कुटुंबांत जन्मतः एका विकराची उणीव असलेले पुरुष आढळले. त्यांची प्रॉस्टेट प्रौढपणीही अगदी लहान राहते, असे १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. त्याच विकराला अडविणारे औषध शोधले गेले आणि १९९२ मध्ये अमेरिकेत ते वापरात आले.

औषधांनी भागत नाही, लघवी पुन्हा पुन्हा तुंबते, मूत्राशयात खडे होतात, रक्त जाते, वारंवार संसर्ग होतो किंवा मूत्रपिंडे बिघडू लागतात, अशा वेळी मात्र शस्त्रक्रिया टाळणे धोक्याचे ठरते. तिचा इतिहास पाहिला तर त्याचा एक धागा हिंदुस्थानात येऊन मिळतो. पीटर फ्रेयर हा आयर्लंडचा शल्यविशारद १८७५ पासून सुमारे वीस वर्षे येथील इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होता. उत्तर हिंदुस्थानातील रुग्णालयांत मूत्राशयातील खडे फोडून काढण्यात त्याचा हात बसला. निवृत्त होऊन तो लंडनला गेला आणि तेथे १ डिसेंबर १९०० रोजी त्याने मूत्राशय उघडून, वाढलेली ग्रंथी बोटाने तिच्या आवरणापासून सोडवून संपूर्ण बाहेर काढली. अशा शस्त्रक्रियेचा प्रयत्न त्याच्या आधीही काहींनी केला होता. पण तिला मान्यता मिळवून दिली ती फ्रेयरने. संत्र्याच्या सालीतून आतील गर अलगद सोडवून घ्यावा, तशी ही कल्पना. साल जागेवर राहते, अडथळा तेवढा जातो. पुढे १९४५ मध्ये टेरेन्स मिलिन याने मूत्राशय न उघडता पुढील बाजूने ग्रंथीपर्यंत पोचण्याची रीत प्रसिद्ध केली. गुण उत्तम, पण पोट उघडावे लागे, रक्तस्राव पुष्कळ होई आणि वृद्ध रुग्णाला दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहावे लागे.

दरम्यान १९२६ च्या सुमारास अमेरिकेत दुसरी वाट निघाली. मूत्रमार्गातूनच दुर्बीण आत घालावयाची आणि विजेच्या प्रवाहाने तापणाऱ्या बारीक तारेच्या फाशाने ग्रंथीचे आतील पापुद्रे एकेक कापून काढावयाचे. मराठी माणूस ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतो ते हेच. बाहेरून कोठेही टाका पडत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच पद्धत जगभर प्रमाण मानली गेली आणि आजही तिची योग्यता ओसरलेली नाही. तथापि तिला मर्यादा आहेत. कापताना रक्त जाते. आत जे द्रव सोडावे लागते त्यातून, जुन्या यंत्रात, मीठपाणी वापरता येत नाही, कारण ते विजेचे वाहक असते. आणि वेगळे द्रव रक्तात फार शोषले गेले तर शरीरातील सोडियम उतरून धोका संभवतो. म्हणून शस्त्रक्रिया तासाभरात आटोपावी लागे, आणि ८० ग्रॅमच्या पुढील मोठ्या ग्रंथीसाठी पुष्कळदा पोटच उघडावे लागे. नव्या, दोन्ही ध्रुव एकाच तारेवर असणाऱ्या विद्युतयंत्रांत मीठपाणी चालते. त्यामुळे हा धोका बराच कमी झाला आहे.

लेसरचा प्रवेश होतो तो येथे. थिओडोर मेमन याने मे १९६० मध्ये अमेरिकेत पहिला लेसर प्रज्वलित केला. साधा दिवा सर्व बाजूंना उजेड उधळतो. लेसरचा किरण एकाच रंगाचा, एकाच दिशेने आणि एकाच तालात जातो. कोणता रंग शरीरातील कोणत्या द्रव्यात शोषला जाईल हे ठरलेले असते, आणि शस्त्रक्रियेतील त्याचा उपयोग सर्वस्वी यावरच अवलंबून आहे. हिरव्या लेसरचा किरण रक्तातील तांबड्या द्रव्यात शोषला जातो; त्याने ग्रंथीचे ऊतक वाफ होऊन उडून जाते आणि रक्तवाहिन्या तिथल्या तिथे बंद होतात. हृदयविकारामुळे रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्या रुग्णांना ही पद्धत विशेष सोयीची ठरली. पण वाफ झालेले ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला उरत नाही, ही तिची उणीव.

होल्मियम लेसरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. तो पाण्यात शोषला जातो आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी खोल जातो. म्हणजे जेथे टेकवावा तेथेच तो कापतो. मागचा भाग सुरक्षित राहतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात न्यूझीलंडच्या टॉरंगा या लहानशा शहरात पीटर गिलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या किरणाने वाढलेली ग्रंथी दुर्बिणीतूनच आवरणापासून सोडवून मूत्राशयात ढकलण्याची आणि मग तुकडे करून ओढून घेणाऱ्या उपकरणाने बाहेर काढण्याची रीत बसविली. जे काम फ्रेयरने बोटाने केले तेच गिलिंगने प्रकाशाने केले. संत्र्याचा गर तोच, सोडविणारे साधन वेगळे. ग्रंथी १०० ग्रॅमची असो वा २०० ची, पोट उघडण्याचे कारण उरले नाही. मीठपाणी चालत असल्यामुळे वेळेचे बंधन शिथिल झाले, रक्त कमी जाऊ लागले, लघवीची नळी बहुधा एकदोन दिवसांत काढता येऊ लागली, आणि काढलेले ऊतक तपासणीसाठी हाती राहिले. थुलियमचा लेसर त्यानंतरचा. त्यातही काचतंतूतून निर्माण होणाऱ्या थुलियम लेसरची यंत्रे आकाराने लहान असतात, हवेने थंड राहतात आणि भिंतीवरील साध्या वीजजोडणीवर चालतात. मोठ्या शक्तीच्या होल्मियम यंत्राला मात्र भारी वीजपुरवठा आणि पाण्याचे शीतन लागते. जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

आजचा कल यावरून स्पष्ट होतो. पोट उघडून करावयाची शस्त्रक्रिया मागे पडत चालली आहे. वाफ करण्याकडून सोडवून काढण्याकडे आणि होल्मियमबरोबर थुलियमकडे ओघ आहे. रुग्णालयातील मुक्काम आखूड होत आहे. बेंगळुरू हे या बदलाचे दक्षिणेतील एक मोठे केंद्र आहे. योगायोग असा की ज्या महिन्यात फ्रेयरने लंडनमध्ये आपली शस्त्रक्रिया केली त्याच महिन्यात, ८ डिसेंबर १९०० रोजी, लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते बेंगळुरूच्या व्हिक्टोरिया रुग्णालयाचे उद्घाटन झाले. आज त्याच आवारात कर्नाटक शासनाची नेफ्रो-युरॉलॉजी संस्था आहे. मूत्रपिंड आणि मूत्रमार्ग यांच्या विकारांसाठीच वाहिलेले हे सार्वजनिक रुग्णालय असून राज्याच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण तेथे येतात. शहरातील मोठ्या खाजगी रुग्णालयांत होल्मियम आणि थुलियम असे दोन्ही लेसर उपलब्ध आहेत, आणि त्यांच्या जाहिराती रस्तोरस्ती दिसतात.

जाहिरातीत जे नसते तेही सांगणे अगत्याचे आहे. लेसर म्हटले की निकाल आपोआप चांगला, असे नाही. इंग्लंड आणि वेल्समधील सात रुग्णालयांत ४१० पुरुषांवर केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. थुलियम लेसरने ग्रंथीचा भाग जाळून व कापून काढण्याची पद्धत आणि नेहमीचे विजेच्या तारेचे ऑपरेशन यांची त्यात तुलना होती. रुग्णांच्या त्रासातील सुधारणा दोहोंत सारखी आढळली. लघवीच्या धारेचा वेग तर जुन्या पद्धतीनेच अधिक वाढला. लेसरने ग्रंथी संपूर्ण सोडवून काढण्याची पद्धत याहून वेगळी आहे आणि मोठ्या ग्रंथीत तिचा लाभ निश्चित आहे. पण त्या लाभाचे श्रेय प्रकाशाला जितके, तितकेच ग्रंथी योग्य थरातून सोडविण्याच्या कौशल्याला आहे. तेच कौशल्य हाती असेल तर द्विध्रुवी विद्युतयंत्रानेही ग्रंथी तशीच सोडविता येते. हे कौशल्य सहज येत नाही. पंचवीस ते पन्नास शस्त्रक्रिया जाणत्या गुरूच्या देखरेखीखाली केल्यावाचून हात बसत नाही, असा सर्वत्र अनुभव आहे.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे लघवीवर ताबा कमी राहू शकतो. बहुतेकांत तो परत येतो. बहुसंख्य रुग्णांत वीर्य बाहेर न पडता मूत्राशयात जाते. त्याने प्रकृतीला अपाय होत नाही, परंतु रुग्णाला आणि त्याच्या पत्नीला ही कल्पना आधीच दिली पाहिजे. संकोचामुळे हे न सांगणाऱ्या डॉक्टरविषयी पुढे जे गैरसमज होतात, ते गावातील इतर दहा रुग्णांना उपचारापासून दूर ठेवतात.

आता पुन्हा औरादकडे वळू. बिदरहून बेंगळुरू सुमारे सातशे किलोमीटर, हैदराबाद दीडशेच्या आत. कलबुर्गीच्या माणसाला सोलापूर जवळ पडते, निपाणीच्या माणसाला कोल्हापूर. अथणीचा रुग्ण मिरजेचा रस्ता धरतो. तेथे डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये स्थापन केलेल्या रुग्णालयाने मिरजेला वैद्यकाचे गाव म्हणून नाव मिळवून दिले. बेळगावात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मूत्ररोगाचे तज्ज्ञही आहेत. म्हणजे सीमाभाग अगदीच उघडा नाही. परंतु रुग्ण ज्या वाटेने जातो ती भाषेच्या, सोयरिकीच्या आणि एसटीच्या मार्गाने ठरते. शासनाची योजना राज्याच्या हद्दीने ठरते. या दोहोंचा मेळ न बसल्याने अनेकदा कागद एका राज्यात आणि रुग्ण दुसऱ्या राज्यात अशी अवस्था होते.

हा मेळ घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. कर्नाटकात सहकारी शेतकऱ्यांसाठी २००३ मध्ये यशस्विनी योजना सुरू झाली. मध्ये खंड पडून ती पुन्हा चालू झाली. २०१० मध्ये वाजपेयी आरोग्यश्री योजनेने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना मोठ्या शस्त्रक्रिया विनामूल्य मिळण्याची सोय केली. तिचा आरंभ मुद्दामच कलबुर्गी विभागातून झाला आणि खेड्यांत शिबिरे भरवून रुग्ण शोधण्यात आले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. तिच्यात पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि योजनेचा रुग्ण परराज्यातील संलग्न रुग्णालयातही जाऊ शकतो. प्रॉस्टेटच्या दुर्बिणीतील शस्त्रक्रियेचा तिच्यात समावेश आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने सत्तर वर्षे व त्यापुढील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, तिच्या कक्षेत घेतले. या व्याधीचे पुष्कळसे रुग्ण नेमके याच वयाचे असल्यामुळे त्या निर्णयाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना आपल्या जन आरोग्य योजनेचा लाभ देण्याचे ठरविले, तेव्हा दोन राज्यांत वाद उभा राहिला. त्या वादाच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. लघवी तुंबलेल्या माणसाला हद्दीची खूण दिसत नाही, एवढे मात्र दोन्ही बाजूंना मान्य व्हावे.

पैशाची सोय झाली तरी हात आणि वेळ यांचा प्रश्न उरतोच. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये कर्नाटकातील तेव्हाच्या १७५ तालुक्यांपैकी ११४ तालुके मागास ठरविले. अत्यंत मागास अशा ३९ पैकी २६ उत्तर कर्नाटकातील होते. जो तालुका रस्ता, शाळा आणि सिंचन यांत मागे, तेथे मूत्ररोगतज्ज्ञ स्थायिक होईल ही अपेक्षा व्यर्थ होय. भारतात मूत्ररोगतज्ज्ञांची संख्या काही हजारांतच आहे आणि त्यांतील बहुतेक मोठ्या शहरांत राहतात. त्यामुळे तालुक्याच्या रुग्णाची नेहमीची कथा अशी असते. लघवी तुंबते, जवळच्या दवाखान्यात नळी घातली जाते, त्या क्षणी जीवात जीव येतो. पुढे शहरात जाण्यासाठी पैसा आणि सोबत या दोहोंची वाट पाहत तीच नळी आणि पिशवी महिनोन् महिने बाळगली जाते. माणूस शेतावर जाणे सोडतो, मग देवळात जाणे सोडतो, मग लग्नकार्यालाही जात नाही. शेवटी तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचतो तेव्हा मूत्राशय थकलेले असते. लेसरने वाट मोकळी केली तरी ढकलणारा जोर परत येईलच याची खात्री राहत नाही.

म्हणून ज्या अंतराचा विचार करावयाचा ते सातशे किलोमीटरचे नसून पाचसात वर्षांचे आहे. पहिल्या रात्रीच्या उठण्यापासून पहिल्या तपासणीपर्यंत गेलेली ही वर्षे होत. ती वाचविण्यासाठी लेसरची गरज नाही. पन्नाशीपुढील पुरुष रक्तदाबासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात आला तर त्याला ते सात प्रश्न त्याच्या भाषेत विचारणे, लघवी व रक्तातील साखर तपासणे, आवश्यक तेव्हा सोनोग्राफी करून मूत्राशयात किती लघवी उरते ते पाहणे, आणि साधी औषधे तेथेच मिळणे, एवढ्याने पुष्कळ रुग्णांचे काम भागेल. ज्यांना शस्त्रक्रिया हवी त्यांपैकी मध्यम आकाराच्या ग्रंथींसाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात विद्युत तारेची प्रमाण शस्त्रक्रिया उत्तम प्रकारे होऊ शकते. फार मोठी ग्रंथी, रक्त पातळ ठेवणारे औषध, अशक्त हृदय, अशा रुग्णांनाच लेसरचा खरा लाभ; त्यांना ओळखून वेळीच मोठ्या केंद्राकडे पाठविले पाहिजे.

आणि केंद्राने जिल्ह्याकडेही गेले पाहिजे. हृद्रोगासाठी प्रसिद्ध असलेल्या जयदेव संस्थेने बेंगळुरूबाहेर म्हैसूर आणि कलबुर्गी येथे शाखा उघडून हे होऊ शकते असे दाखविले आहे. २०१२ च्या घटनादुरुस्तीने कल्याण कर्नाटकातील विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षणात राखीव जागा मिळण्याची तरतूद झाली. तेथून तयार होणाऱ्या तरुण डॉक्टरांना बेंगळुरूच्या जाणत्या शल्यविशारदांच्या हाताखाली ते पहिले पन्नास रुग्ण करता आले, तर यंत्र मागाहून येईल. यंत्र आधी आले आणि हात नसला, तर ते आच्छादनाखाली धूळ खात पडेल. असे प्रसंग सरकारी रुग्णालयांना नवे नाहीत.

फ्रेयरचा हात याच देशातील साध्या रुग्णालयांत, खडे फोडता फोडता तयार झाला होता, हे येथे आठवावे. गिलिंगचे काम उभे राहिले तेही लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये नव्हे.

घराघरांतून करण्यासारखेही काही आहे. रात्री उठणाऱ्या वडिलांना मुलाने एकदा सरळ विचारावे: किती वेळा उठता, धार कशी आहे, पूर्ण मोकळे झाल्यासारखे वाटते का? शस्त्रक्रिया सुचविली गेली तर डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात: ती आताच का हवी, ग्रंथी किती ग्रॅमची आहे, कोणत्या पद्धतीने करणार आणि ती आपण स्वतः किती वेळा केली आहे. खरा जाणकार या प्रश्नांनी रागावत नाही. आणि घरी नळी घातलेला माणूस असेल तर ती कधी काढावयाची याची तारीख त्याच दिवशी लिहून घ्यावी. अशी तारीख नसली की नळी राहूनच जाते.